टॅपेट सेट केले आणि गाडी बिघडली!

ह्या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. पण आयटीवाल्यांनी लगेच टॅब बंद करू नये. शेवटपर्यंत वाचलंत तर आपल्या धंद्यातलंच काहीतरी सापडेल, एवढं आश्वासन देतो.

जुनी फियाट बाळगणारे जे थोडे लोक अजून उरलेत, त्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. "गाडी तशी बरी चालत होती हो. टॅपेट वाजायला लागले म्हणून सेट करून घेतले, आणि तेव्हापासून नुसती थरथरतेय." इटलीत किंवा इंग्लंडमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार जपणाऱ्या माणसाला विचारा, तोही शब्द बदलून हेच सांगेल. आणि ह्यात एक मजा आहे. त्यातल्या काही स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि आपल्या काळी-पिवळी टॅक्सीचं इंजिन मुळात एकच. एक भाऊ शर्यतीत गेला, दुसरा व्हीटी-दादर भाड्यावर लागला. त्या इंजिनाची ही गोष्ट. गाडी थरथरली की नक्की शोधायचं काय, हेही ओघाने येईलच.

आधी टॅपेट म्हणजे काय ते थोडक्यात. चार सिलिंडरच्या ह्या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक सिलिंडरला एक हवा-पेट्रोल आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. खाली ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट फिरतो, त्याच्यावरचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झुल्यासारखा कलून दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आता धातू तापला की फुगतो, आणि हे सगळे भाग काही सारखे फुगत नाहीत. म्हणून व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. थोडी म्हणजे किती? मिलिमीटरचा दहावा ते पाचवा भाग, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. दोन-तीन केसांची जाडी म्हणा. पातळ पात्यांचा फिलर गेज त्या फटीत घालायचा, स्क्रू फिरवायचा, पातं किंचित अडकत सरकलं की लॉक नट आवळायचा. झालं टॅपेट सेटिंग. काम एवढंच, पण करायचं आठ वेळा आणि आठही वेळा बरोबर.

आता इटलीला जाऊ. १९३७ साली फियाटने ५०८सी 'नुओवा बालिल्ला ११००' ही गाडी आणली. तिच्यामागे होता दान्ते जाकोसा, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला इंजिनिअर. वर्षभर आधीच त्याची चिमुकली फियाट ५०० 'तोपोलिनो' बाजारात आली होती. ११००चं इंजिन १०८९ सीसीचं: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, व्हॉल्व्ह डोक्यावर, ताकद ३२ हॉर्सपॉवर. आज स्कूटरवाले हसतील ह्या आकड्याला. पण त्या काळी बऱ्याच स्वस्त गाड्यांत व्हॉल्व्ह अजून सिलिंडरच्या शेजारी असायचे आणि त्यामुळे इंजिनाला मोकळा श्वास घेता यायचा नाही. जाकोसाच्या इंजिनाची चण साधी, पण हवा खेळती. वाढवायला वाव असलेलं इंजिन होतं ते.

तो वाव महायुद्ध संपल्याबरोबर दिसला. तोरिनोच्या प्येरो दुझ्यो नावाच्या उद्योगपतीने चिझितालिया ही छोटी कंपनी काढली. युद्धानंतरच्या इटलीत नवं रेसिंग इंजिन घडवण्याइतका पैसा आणि वेळ कुणाकडे होता? त्याने सरळ फियाट ११००चे भाग उचलले. चिझितालियाच्या पहिल्या एकआसनी रेसिंग गाडीचा, १९४६च्या डी-४६चा आराखडा जाकोसानेच केला होता. मागोमाग आली चिझितालिया २०२. पिनिनफारिनाने तिला असं काही अंग दिलं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली, आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. त्या सुंदर नाकाखाली काय आहे? १०८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉड. कॉम्प्रेशन वाढवलेलं, कार्बोरेटरची सोय बदललेली, पण घराणं तेच. म्हणजे संग्रहालयातल्या गाडीचं आणि कुर्ला स्टेशनबाहेर प्रवाशांची वाट बघणाऱ्या टॅक्सीचं गोत्र एक!

१९४७च्या जूनमध्ये 'मिल्ले मिल्या' ही इटलीतली हजार मैलांची रस्त्यावरची शर्यत युद्धानंतर प्रथमच झाली. तात्सिओ नुव्होलारी तेव्हा ५४ वर्षांचा होता आणि तब्येतीने पार खचलेला. त्याच्याकडे चिझितालियाची उघडी २०२ होती. समोर बियोन्देत्तीची अल्फा रोमिओ, जवळजवळ तिप्पट सीसीची. तरीही म्हातारा बराच वेळ पुढे होता. मग जोराचा पाऊस आला, पाणी इग्निशनमध्ये शिरलं, इंजिन अडखळायला लागलं आणि बराच वेळ गेला. नुव्होलारी दुसरा आला.

हे मुद्दाम सांगतोय. त्याच्या इंजिनात व्हॉल्व्ह, पिस्टन, कॅम सगळं ठणठणीत होतं. बिघडली होती ती ठिणगी. इंजिन अडखळतंय म्हटलं की आपण लगेच त्याच्या पोटात शिरतो, कारण पोटातले आजार आपल्याला मोठे आणि खरे वाटतात. प्रत्यक्षात निम्म्या वेळा दुखणं बाहेरच्या एखाद्या वायरीत असतं.

स्पोर्ट्स कारचा धागा इथेच संपत नाही. कौंट जिओव्हानी लुरानीच्या कल्पनेतून 'फॉर्म्युला ज्युनियर' नावाचा शर्यतींचा वर्ग निघाला. १९५९पासून तो आंतरराष्ट्रीय झाला. नियम असा, की इंजिन रस्त्यावरच्या गाडीचंच हवं आणि ११०० सीसीच्या आत. इटालियन लोकांसाठी प्रश्न आपोआप सुटला :-) मोदेनाच्या स्तांग्वेल्लिनीने फियाट ११००चंच इंजिन घेतलं आणि १९५९ची मोनाकोची ज्युनियर शर्यत त्याच्या गाडीने जिंकली. पुढच्याच वर्षापासून इंग्लंडच्या लोटस आणि कूपर आल्या आणि बाविशीतल्या ह्या इंजिनाची रेसिंगची कारकीर्द उतरणीला लागली.

पण त्याच सुमारास मुंबईत त्याची दुसरी कारकीर्द रंगात येत होती.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७पासून आधी अमेरिकन क्रायस्लर गटाच्या गाड्या जोडल्या जायच्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला, आणि १९५४च्या सुमारास नवी ११०० इथे आली. हीच ती गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी गाडी. मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. पिनिनफारिना ऐकता तर काय म्हणता कोण जाणे! मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ साली ती कोनदार ११०० डिलाइट. फियाटचं नाव वापरायचा करार संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी'.

इथे एक तपशील बघण्यासारखा आहे. इटलीत ह्याच बॉडीच्या ११००डीला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं. आपल्याकडे मात्र १०८९ सीसीच राहिलं, साधारण ४० हॉर्सपॉवरचं. इटलीने ११०० मालिका १९६९ साली बंद केली. कुर्ल्यात ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत होती. म्हणजे १९३७ साली कागदावर उतरलेलं इंजिन, मोठ्या फेरफाराशिवाय, साठ वर्षं. सॉफ्टवेअरमध्ये 'लेगसी' म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो ते ह्यापुढे काल-परवाचं वाटावं.

इतकी वर्षं कशी टिकली? सोपं उत्तर: दुसरं काही मिळतच नव्हतं. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यात ठरलेलं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक दारात. अशा वेळी कारखान्याने सुधारणा करायची कशासाठी? हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की ही गाडी सेट करता यायची. सगळंच सेट व्हायचं. टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग, कार्बोरेटरचे दोन स्क्रू. एक फिलर गेज, एक पेचकस, चार पाने आणि एक बरा कान असला की रस्त्याच्या कडेला ती पुन्हा चालती व्हायची. कारखान्यातून जे नीट जुळून यायला हवं होतं ते गल्लीतल्या गॅरेजात जुळायचं. नवी गाडी घरी आली की पेढे वाटून झाल्यावर ती ओळखीच्या मिस्त्रीला दाखवायची, ही मागच्या पिढीतली अगदी सर्वसाधारण रीत होती.

ह्या मिस्त्री लोकांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात फारसं उतरलं नाही. पण त्यात एक सूत्र असं होतं की ते मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोलाचं वाटतं. "वाजणारा टॅपेट बरा. गप्प झालेल्याला घाबरायचं."

का? फट जास्त झाली तर रॉकर टकटक वाजतो, व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, ताकद जराशी घटते. त्रासदायक, पण जीवघेणं नाही. फट कमी झाली तर मात्र आवाज बंद होतो, मालक खूश होतो, आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकतो तेव्हाच सीटमधून बाहेर जाते. टेकलाच नाही तर जाणार कशी? त्यात धुराच्या व्हॉल्व्हवरून पेटता वायू सतत जात राहतो. काही दिवसांत त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि हेड उतरवायची वेळ येते. रोजाने टॅक्सी घेऊन चालवणाऱ्यासाठी ह्याचा अर्थ गाडी दोन-तीन दिवस गॅरेजात, आणि तेवढे दिवस कमाई शून्य.

पुढे ह्या गप्प टॅपेटची भीती वाढण्याचं कारण बाहेरून आलं. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचे. विषारी, पण त्याचा एक थर व्हॉल्व्ह आणि सीट ह्यांच्यामध्ये गादीसारखा बसायचा. २०००च्या फेब्रुवारीत देशभर शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं, आणि योग्यच झालं. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. हवेसाठी तेही चांगलंच. पण सीएनजी हे कोरडं इंधन. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला मिळणारा थोडाफार ओलावा आणि गारवाही गेला. जुन्या धाटणीच्या सीट अशाने झिजतात, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, त्याचा दांडा वर सरकतो आणि रॉकरबरोबरची फट आपोआप मिटत जाते. कोणी हात न लावता टॅपेट घट्ट! दिल्लीतला नियम, मुंबईतला कोर्टाचा आदेश आणि इंजिनातली दोन केसांएवढी फट ह्यांचा असा थेट संबंध असतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. टॅपेट सेट केल्यावर गाडी का थरथरते?

आमच्या नेरुळला एक काका आहेत, सत्तरीपुढचे. त्यांच्याकडे १९७०च्या दशकाच्या शेवटची पद्मिनी आहे. दर रविवारी पाम बीच रोडला एक फेरी आणि मग आठवडाभर कव्हरखाली. मध्यंतरी एका गॅरेजात त्यांनी टॅपेट सेट करून घेतले आणि गाडी उभ्या जागी वेडीवाकडी चालायला लागली. आयडलिंगला गळके खाणारी, मागून काळपट धूर, पेट्रोलचा वास. गॅरेजने सांगितलं, व्हॉल्व्ह गेलेत, हेड खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात चर्चा सुरू झाली की आता पुरे, भंगारात द्यावी. काका त्या चर्चेत काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच आम्हाला जास्त लागलं.

मग कोणीतरी कुर्ल्यात आयुष्य काढलेले एक जुने मिस्त्री शोधून आणले. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन मिनिटं नुसतं ऐकलं. रॉकर कव्हरला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून रबराच्या मुठीच्या पकडीने पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन आणखी अडखळलं. परत लावली. मग दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी तेवढंच अडखळलं.

"साहेब, चारही काम करतायत. व्हॉल्व्ह गेला असता तर त्याची वायर काढून फरक पडला नसता."

"मग झालंय काय मिस्त्री?"

"टॅपेट बरोबर लागलेत. आधी चुकीचे होते."

आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी एक प्लग काढून दाखवला, काजळीने काळा. मग कार्बोरेटरचे दोन स्क्रू हाताळायला घेतले, मिक्श्चरचा आणि आयडलिंगचा. एक थोडा, दुसरा थोडा, परत पहिला. वीसेक मिनिटांत गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

झालं होतं ते असं. काही वर्षांत टॅपेटची फट हळूहळू कमी झाली होती. व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्याने आयडलिंग डळमळत होतं. दर वेळी कोणी ना कोणी ते झाकायला आयडलिंग वाढवलं, मिक्श्चर गडद केलं. चुकीचे टॅपेट आणि चुकीचा कार्बोरेटर, दोघे एकमेकांना धरून उभे होते. गॅरेजने त्यातली एक चूक दुरुस्त केली, आणि दुसरीचा आधार गेला. मिस्त्रींच्या भाषेत, "एकाला सरळ केलं की दुसऱ्याचं वाकडेपण दिसतं."

आपल्यापैकी ज्यांनी जुन्या कोडमधला एखादा बग दुरुस्त केलाय आणि भलतीकडेच तीन गोष्टी कोसळताना बघितल्यात, त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

आणि खरं सांगायचं तर कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहासही मला तसाच दिसतो. परवान्याने बांधलेलं उत्पादन, वाट बघणारं गिऱ्हाईक, नसलेली स्पर्धा, जेमतेम दर्जा आणि तो दर्जा सांभाळून घेणारे गल्लोगल्लीचे मिस्त्री. ह्यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून होती. १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि एक स्क्रू फिरला. प्रीमियरने १९८५ साली ११८एनई काढली, फियाट १२४ची बॉडी आणि निस्सानचं इंजिन. १९९१ साली धोरणच बदललं आणि बाकीचे स्क्रू फिरले. फ्रेंच प्यूजोबरोबर कल्याणजवळ ३०९ निघाली, ती काही वर्षांतच कामगार-तंट्यात थांबली. फियाट उनोसाठी लोकांनी उड्या मारून पैसे भरले, गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत. अखेर फियाटने कुर्ल्याचा कारखाना वेगळ्या कंपनीमार्फत स्वतःकडे घेतला, आणि पुढे फियाटचं उत्पादन पुण्याजवळ रांजणगावला गेलं. कुर्ल्यातल्या प्रीमियरच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

म्हणून १९९१ चूक होतं का? मुळीच नाही. काकांच्या गाडीचे टॅपेट बरोबरच लागले होते. गॅरेजची चूक अशी, की थरथर बघून त्यांनी बरोबर झालेल्या कामावरच संशय घेतला आणि झाकलेली जुनी चूक शोधली नाही. उदारीकरणाबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत: एक म्हणतं सगळं त्याने बिघडवलं, दुसरं म्हणतं सगळं त्याने सुधारलं. दोघांनाही कुर्ल्याच्या मिस्त्रींकडे पाठवावंसं वाटतं. थरथर कधी सुरू झाली हा एक प्रश्न, आणि ती कशामुळे आहे हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं नाही. शिवाय उत्तर सापडेपर्यंत जी थरथर होते ती कोणाला तरी सोसावी लागते. कुर्ल्यात ती कामगारांनी सोसली.

असो. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी आता कामाचं. टॅपेटनंतर इंजिन नीट चालत नसेल तर हेड खोलण्याआधी ह्या क्रमाने बघा.

१. काम करताना काय काय हलवलं ते आठवा. एअर क्लीनर, नळ्या, प्लगच्या वायरी. ह्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी फटाके फोडेल आणि दोष टॅपेटवर येईल. एखादी नळी निसटून हवा आत शिरत असेल तरी आयडलिंग बिघडतं.

२. एकेक वायर काढून बघा (फक्त जुन्या पॉइंटवाल्या गाडीत आणि पकड नीट इन्सुलेट केलेली असेल तरच. नव्या गाडीत हा प्रयोग करू नका). जिची वायर काढून फरकच पडत नाही, तो सिलिंडर गुन्हेगार.

३. तोच सिलिंडर परत सेट करा. इथे जोड्या लक्षात ठेवायच्या: एक-चार आणि दोन-तीन. बेरीज पाच. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतात, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. तेव्हाच पहिला सेट करायचा. कॅमच्या चढावर असताना मोजलेली फट खोटी असते. इंजिन गार की गरम, आणि आकडा किती, हे गाडीच्या पुस्तकातूनच घ्या, शेजाऱ्याकडून नको.

४. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रूही किंचित फिरतो आणि केलेलं काम वाया जातं. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पातं खळग्याच्या कडांवर टेकतं आणि प्रत्यक्षात फट जास्त असूनही बरोबर वाटते.

५. ह्यानंतर इग्निशन, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. कार्बोरेटरने सुरुवात करू नका. त्याच्याइतकी दुसऱ्याची चूक झाकणारी वस्तू गाडीत दुसरी नाही.

६. एवढं करूनही एक सिलिंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन मोजा. ते कमी आलं तर मग हेड.

आजच्या गाड्यांत हे काहीच करावं लागत नाही असं आपण म्हणतो. बऱ्याच इंजिनांत टॅपेट तेलाच्या दाबावर स्वतःच फट सांभाळतात, आणि पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. सायलेन्सरमधला सेन्सर बघून तो क्षणाक्षणाला मिक्श्चर थोडं वर-खाली करतो. म्हणजे पूर्वी मिस्त्री स्क्रूने झाकायचा तेच आता कॉम्प्युटर झाकतो, फक्त जास्त सफाईने. झाकण्याची मर्यादा संपते तेव्हाच डॅशबोर्डवर दिवा लागतो. मी जुन्याचे गोडवे गाणारा नाही. उन्हाळ्यात पद्मिनीने घाट चढलेल्या कोणालाही तो मोह होणार नाही. पण किती झाकलं गेलंय हे अधूनमधून बघायची सवय आपल्याला उरली आहे का, एवढंच विचारतो. गाडीत, कोडमध्ये, कुठेही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या २९ ऑक्टोबरला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या ३० ऑक्टोबरपासून रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी नाही. खासगी मात्र थोड्या आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी केलेली, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७४च्या पहिल्या पद्मिनी २०२४ साली पन्नाशीच्या झाल्या. काकांची अजून थोडी लहान आहे, पण पोचेल.

तुमच्या घरी, गावी, मामाच्या पडवीत अशी एखादी उभी असेल तर तिला चालू करून दोन मिनिटं ऐका. टकटक येत असेल तर काळजी नको. अगदीच गप्प असेल, तर फिलर गेज काढा.